चाळिशी-पन्नाशीत तब्येत कशी राखावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळजाईच्या वाटेवर, सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे हे प्रश्न आहेत. मी पुण्यात फिजिओथेरपीचं काम करते आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण ४० ते ६० या वयातले असतात. त्यामुळे उत्तरांमध्ये स्नायूंचा विषय जास्त येईल. तो मुद्दाम आहे. पंचाहत्तरीत कोणाचा हात न धरता पीएमटीत चढता यावं, स्वतःची भाजी स्वतः आणता यावी, यासाठी जे करायचं ते आत्ता, कमावत्या आणि धावपळीच्या वयातच करावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

वय व्हायला नक्की कधी सुरुवात होते?

आपल्याला वाटतं त्याच्या बरीच आधी. तिशीनंतर दर दहा वर्षांत अंगातले साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. व्यायाम न करणाऱ्याचा दमही दर दहा वर्षांत साधारण १० टक्क्यांनी घटतो. वजनकाट्यावर यातलं काही दिसत नाही, कारण स्नायू कमी होतात तिथे चरबी वाढते आणि काटा तोच आकडा दाखवत राहतो. ‘कॉलेजात होतं तेवढंच वजन आहे माझं’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांच्या मांड्या मी तपासते तेव्हा मला काळजी वाटते.

खुणा साध्या असतात. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. बरणीचं झाकण मुलाकडे द्यावं लागतं. जिन्यात नकळत कठडा धरला जातो. घरच्या घरी एक गोष्ट करून बघा : भिंतीजवळ, पण भिंतीला हात न लावता, एका पायावर १० सेकंद उभे राहा. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या लोकांवर झालेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना हे जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या साधारण सात वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. तोल, ताकद आणि एकूण प्रकृती किती एकमेकांत गुंतलेली आहे, हे त्यातून कळतं.

आम्ही रोज टेकडीवर जातो. तेवढं पुरे नाही का?

टेकडी सोडू नका, हे आधी सांगते. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पाषाणची टेकडी हे या शहराचं मोठं भाग्य आहे. हृदय, साखर, रक्तदाब, मन या सगळ्यांना चालण्याचा फायदा होतो. रस्त्याच्या कडेने गाड्यांच्या धुरात चालण्यापेक्षा टेकडीवर चालणं कितीतरी चांगलं.

पण तेवढं पुरेसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत दोन गोष्टी आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम ही पहिली, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम ही दुसरी. आपल्याकडे पहिली गोष्ट घरोघरी पोचली. दुसरी जवळजवळ कोणी ऐकलेलीच नाही. सपाटीवर चालताना पायांना रोजच्यापेक्षा जास्त भार मिळत नाही आणि हात, खांदे, पाठ यांना तर काहीच मिळत नाही.

‘आमचे आजोबा नुसते चालायचे आणि नव्वदीपर्यंत ठणठणीत होते’ हे मला नेहमी ऐकवलं जातं. महर्षी कर्व्यांचं उदाहरण दिलं जातं. हिंगण्याहून फर्ग्युसनपर्यंत पायी जाणारे अण्णासाहेब १०४ वर्षं जगले. पण त्या पिढीचा बाकीचा दिवस आठवून बघा. विहिरीचं पाणी शेंदायचं, हंडे उचलायचे, जात्यावर दळायचं, पाटावर बसून जेवायचं, उकिडवं बसून फरशी पुसायची. दिवसातून कितीतरी वेळा बूड जमिनीला टेकायचं आणि तिथून उठायचं. त्यांचा ताकदीचा व्यायाम कामातच होऊन जायचा. आपल्याकडे डायनिंग टेबल आलं, कमोड आला, लिफ्ट आली. या सोयी चांगल्याच आहेत, पण त्यांच्यामुळे जो व्यायाम गेला तो वेगळा वेळ काढून करायला हवा.

चालण्याचा वेगही बघा. बरोबरच्या माणसाशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत धाप लागली पाहिजे. गप्पा मारत, कट्ट्यावर थांबत, खाली उतरल्यावर पोहे आणि चहा अशी फेरी मनाला छान असते, पण व्यायाम म्हणून ती कमी पडते. पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढून, हळूहळू उतरलात तर कमी वेळात जास्त काम होतं. उतरताना मांडीचा स्नायू भार पेलत लांबतो आणि त्यातूनही ताकद येते. म्हणून धावत उतरू नका.

मग काय करायचं? जिम लावावीच लागेल का?

लावलीत तर उत्तम. नाही लावलीत तरी अडत नाही. घरी करता येईल असा क्रम सांगते, आठवड्यातून दोनदा, जमल्यास तीनदा, मध्ये एक दिवस सोडून.

खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा-बारा वेळा. मग ओट्यावर हात टेकून, शरीर सरळ ठेवून जोर काढायचे. पायरीच्या कडेला चवडे ठेवून टाचा वर-खाली करायच्या. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही हातांनी मागे ओढायचा, म्हणजे कॉम्प्युटरपुढे वाकलेली पाठ उघडते. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे आणि कंबर उचलायची. शेवटी दोन हातांत दोन जड पिशव्या घेऊन घरातल्या घरात चालायचं. याने पकड, खांदे, पोट सगळ्यांचं काम होतं. एक फेरी झाली की थोडं थांबून दुसरी. अर्ध्या तासात सगळं आटोपतं.

यातली खरी गोम अशी की भार वाढत गेला पाहिजे. शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटल्या नाहीत तर स्नायूला बदलण्याचं कारणच मिळत नाही. खुर्चीची उठबस सोपी झाली की पाठीवर सॅक घ्या, सॅकमध्ये पुस्तकं टाका, मग डंबेल घ्या. वर्षानुवर्षं अर्ध्या किलोचे गुलाबी डंबेल हलवत बसू नका. पंचेचाळिशीची धडधाकट बाई पाच-आठ किलो सहज उचलू शकते. किराणा आणताना ती ते उचलतेच. भार उचलताना श्वास रोखू नका, रक्तदाब असेल तर मुळीच नाही. जोर लावताना श्वास सोडायचा.

जिम निवडताना तिथला शिकवणारा आधी गुडघे, पाठ, रक्तदाब, औषधं यांची चौकशी करतो का, ते बघा. पहिल्याच दिवशी दोन दिवस उठता येणार नाही इतकं करून घेणारा माणूस या वयासाठी योग्य नाही. पुण्याला तालमींची जुनी परंपरा आहे, १९२४ साली सुरू झालेल्या महाराष्ट्रीय मंडळासारख्या संस्था आहेत, महापालिकेच्या कितीतरी बागांत व्यायामाची साधनं बसवली आहेत. पैसे आड येऊ नयेत इतकी सोय या शहरात नक्की आहे.

बायकांनी वजन उचललं तर अंग बाहेर येतं म्हणतात. खरं का?

ही भीती मी खूप ऐकते आणि तिला हसून उडवून लावणं मला चुकीचं वाटतं. बाळंतपणं झालेल्या बायकांच्या ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल असू शकतात. खोकताना, शिंकताना लघवी निसटते, खाली काहीतरी आल्यासारखं जड वाटतं. तसं होत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा आणि त्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या; त्याने बऱ्याच जणींना चांगला फरक पडतो. लाजेपोटी बायका वर्षानुवर्षं पॅड लावून फिरतात, लांबचा प्रवास टाळतात, आणि घरात कोणालाही सांगत नाहीत. कृपा करून सांगा. तसा त्रास नसेल तर बेताबेताने, श्वास न रोखता भार वाढवत नेण्यात धोका नाही.

गुडघे दुखतात. पायऱ्या चढू नका असं सांगितलंय. व्यायाम कसा करू?

सूज, लाली, गुडघा अडकणं, रात्री झोपेतून जाग येईल असं दुखणं असेल तर तपासणी हवीच. एरवी या वयातल्या गुडघेदुखीवर मांडीच्या स्नायूंची ताकद वाढवणं हा मुख्य उपचार आहे. गुडघा जपायचा म्हणून हालचाल बंद केली की मांडी बारीक होते, सांध्यावर जास्त ताण येतो, दुखणं वाढतं, मग हालचाल आणखी कमी. हे चक्र तोडावं लागतं. उंच खुर्चीतून उठबस, भिंतीला पाठ लावून थोडंसं खाली बसणं, यापासून सुरू करा. व्यायामाच्या वेळी थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत शांत झालं तर चालेल.

वजन जास्त असेल तर एक किलो कमी झाल्यावर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. तीन-चार किलोंनीसुद्धा फरक जाणवतो तो यामुळे.

मी सूर्यनमस्कार आणि योगासनं करतो. चालेल?

चालेल, आणि आवडीने करत असाल तर सोडू नका. बी. के. एस. अय्यंगारांनी ज्या शहरात आयुष्यभर शिकवलं, ९५ वर्षांचे होऊन जिथे देह ठेवला, तिथे योगाबद्दल कमी बोलण्याचं कारण नाही. उभ्याने करायची आसनं नीट धरून ठेवली, वीरभद्रासन, उत्कटासन, वृक्षासन, तर पायांची ताकद आणि तोल दोन्ही मिळतात. पट्टे, ठोकळे, खुर्ची वापरून आसन आपल्या शरीराला बसवून घेण्याची अय्यंगार पद्धत या वयात फार उपयोगी पडते. सूर्यनमस्कारात खांद्यांनाही भार मिळतो.

उणीव एका जागी राहते. योगात ओढण्याची क्रिया जवळजवळ नाही, आणि आपल्या वजनापलीकडे भार वाढवता येत नाही. रबरी पट्टा आणि जड पिशव्या जोडल्या की ती भरून निघते. नुसतं प्राणायाम करून ‘माझा व्यायाम झाला’ असं मात्र म्हणू नका. मन शांत होतं, पण स्नायूंपर्यंत काही पोचत नाही.

दहा हजार पावलं व्हायलाच हवीत का?

नाही. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. सात हजारांच्या आसपास बराचसा फायदा पदरात पडतो. आज दोन हजार होत असतील तर चार हजार करण्याचा लाभ सर्वांत मोठा आहे.

मी तर बारीक आहे. मला कशाला शुगर होईल?

या प्रश्नाचं उत्तर जगाला पुण्याने दिलं आहे. केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त, स्नायू कमी, अशी आपली ठेवण असते, आणि तिची मुळं आईच्या पोटात असतानाच्या पोषणापर्यंत जातात, हे पुण्याजवळच्या गावांमध्ये झालेल्या त्यांच्या कामातून पुढे आलं.

म्हणून काट्यापेक्षा टेप महत्त्वाचा. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८० सेंटीमीटर यापेक्षा जास्त असेल तर वजन कितीही असो, लक्ष घालायला हवं. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, ही या शहरातल्या ऑफिसांत सगळ्यात जास्त दिसणारी शरीरयष्टी आहे, आणि तीच सगळ्यात फसवी.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आणि १३ कोटींहून जास्त लोकांना मधुमेहाची पूर्वावस्था असल्याचा अंदाज आला. पूर्वावस्था म्हणजे तिथूनच पुढे जावं लागेल असं नाही. अमेरिकेतल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात आहार आणि व्यायाम बदललेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं, मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेतलेल्या गटात ३१ टक्क्यांनी. भारतातल्या अशाच प्रयोगात, २००६ साली, जीवनशैलीतल्या बदलाने प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. जेवणानंतर लगेच आडवं होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं शतपावली केली तर जेवणानंतरची साखर कमी चढते. हे आजीने सांगितलेलंच आहे.

प्रोटीन, प्रोटीन सगळे करतात. वरण-भात, पोळी-भाजीत ते नसतं का?

असतं, पण आपल्याला वाटतं त्याहून कमी. भारतीय शिफारस दर किलो वजनाला दिवसाला ०.८३ ग्रॅम अशी आहे. चाळिशी उलटल्यावर, ताकदीचा व्यायाम करत असाल तर १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जावं असं मी सुचवते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७० ग्रॅम.

आता नेहमीचा शाकाहारी दिवस घ्या. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी तीन पोळ्या, फळभाजी, पातळ आमटी, थोडा भात, चार वाजता चहा-बिस्किट, रात्री पुन्हा पोळी-भाजी किंवा खिचडी. बेरीज केली तर बहुतेक घरांत ३५-४० ग्रॅमपाशी गाडी थांबते. पोट भरतं, स्नायूंना मात्र पुरत नाही.

यासाठी स्वयंपाकघर बदलायची गरज नाही, प्रमाण बदलायचं. मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची वाटीभर दाट उसळ साधारण ८ ग्रॅम देते. ती चमचाभर तोंडी लावायला न घेता भाजीच्या जागी घ्या. आमटी पातळ करू नका. पिठलं, झुणका, डाळीचं थालीपीठ, धिरडी हे आपले जुने आणि उत्तम पदार्थ आहेत. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८-२० ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यात ७ ग्रॅमच्या आसपास. ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत १५ ग्रॅम असतात आणि त्या स्वस्तही आहेत. मासे, चिकन खाणाऱ्यांना हे सोपं जातं, तरी रविवारी अर्धा किलो आणि इतर सहा दिवस काही नाही असं नको. रोज, प्रत्येक जेवणात थोडं हवं. न्याहारीत तर नक्कीच, कारण आपली न्याहारी बहुतेक वेळा नुसता स्टार्च असते.

उपवासाबद्दल स्पष्ट बोलते. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र धरून काही बायका वर्षातले कितीतरी दिवस साबुदाणा, बटाटा, रताळं यावर काढतात. श्रद्धा जपूनही दूध, दही, ताक, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा यांवर भर देता येतो.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

भात बंद करू? पोळी सोडून भाकरी खाऊ?

ज्वारी-बाजरीच्या भाकरीत चोथा चांगला असतो, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. आवडत असेल तर जरूर खा. पण पोळीच्या जागी भाकरी घेतली आणि ताटातलं बाकी सगळं तेच राहिलं, तर फार काही बदलत नाही. भात वाटीभर ठेवा आणि वरण त्याहून जास्त घ्या. कोशिंबीर आधी खा.

मिठाकडे जास्त लक्ष द्या. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, ही सगळी मिळून मर्यादा. लोणचं, पापड, चिवडा, फरसाण, बाकरवडी, मिसळीवरची शेव यांतून ती कधी ओलांडली जाते ते कळत नाही.

दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत चांगली का?

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ही पद्धत घरोघरी नेली. दोनदा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मध्ये काही खायचं नाही. रोज चार वेळा गोड चहा आणि त्याबरोबर खारी-बिस्किटं खाणाऱ्यांचं वजन आणि साखर याने खाली आलेली मी पाहिली आहे. माझी काळजी स्नायूंची. दोन जेवणांत ६० ग्रॅम प्रोटीन बसवणं शाकाहारी माणसाला अवघड जातं, आणि व्यायामाशिवाय वजन उतरलं तर त्यात स्नायूही जातात. करायचं असेल तर ताटात उसळ, पनीर, दही भरपूर ठेवा आणि ताकदीचा व्यायाम बरोबरीने करा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नका, साखर धोकादायक उतरू शकते.

बी१२ आणि डीच्या गोळ्या घ्याव्या का?

तपासून घ्या. पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांवर याज्ञिकांच्या गटाने केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६७ टक्के जणांचं बी१२ कमी निघालं होतं, आणि शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के. हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा यांना आपण ‘वय झालं’ म्हणतो आणि कारण कधीकधी एवढंच असतं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर आवर्जून बघावं, ते औषध बी१२ कमी करू शकतं. ड जीवनसत्त्वाची कमतरताही सर्रास आढळते. त्याचा मोठा डोस मात्र मनाने वर्षभर घेत राहू नका, अतिरेकाने अपाय होतो.

पाळी जायच्या सुमारास सगळंच बिघडल्यासारखं वाटतं. हे असंच चालायचं का?

सोसत बसायची गरज नाही. भारतात पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास थांबते आणि त्याआधीची काही वर्षं झोप, मूड, वजन, सांधे सगळं हलतं. गरम वाफा आल्यासारखं होतं, रात्री घामाने जाग येते. हाडांची झीज याच काळात सगळ्यात वेगाने होते, पोटावरची चरबी वाढते, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वर सरकतात. म्हणून ताकदीचा व्यायाम बायकांनी पंचेचाळिशीच्या आतच सुरू केलेला बरा. हॉर्मोनचे उपचार काही जणींना खूप उपयोगी पडतात, काही जणींनी ते घेऊ नयेत. हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर बसून घ्यायचा. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक आठवडाही थांबू नका.

घरातल्यांसाठीही सांगते : या काळात आईची, बायकोची चिडचिड वाढली असेल तर तिच्या झोपेची चौकशी करा आणि सकाळचा डबा दुसऱ्या कोणीतरी करा.

रात्री दोनपर्यंत अमेरिकेचे कॉल असतात. झोपेचं काय करू?

हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या फार लोकांचा हा प्रश्न आहे आणि मला त्यावर सोपं उत्तर देता येत नाही. मोठ्या माणसाला किमान सात तास हवेत. तुटपुंज्या झोपेने भूक वाढते, साखर आणि रक्तदाब बिघडतो. शिफ्ट बदलणं हातात नसेल तर निदान झोपायची वेळ रोज एकच ठेवा, खोलीत गडद पडदे लावा, चहा-कॉफी झोपेच्या सात-आठ तास आधी थांबवा, आणि कॉलनंतर पुन्हा जेवू नका. शनिवार-रविवारी सगळं उलटं करू नका.

मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दिवसा गाडी चालवताना डुलकी येणं असेल तर स्लीप अॅप्नियाची तपासणी करून घ्या. त्याचा उपचार झाल्यावर कित्येकांचा दिवस बदलून जातो.

तंबाखू, दारू?

तंबाखू कोणत्याही रूपात नको, मिश्रीसकट. दात घासायचं म्हणून वापरली तरी ती तंबाखूच आहे. त्वचा, हृदय, हाडं, सगळ्यांचं वय ती वाढवते. दारू जितकी कमी तितकी बरी. ‘हृदयाला थोडी चांगली असते’ या समजुतीला आता आधार उरलेला नाही.

चेहऱ्यावर वय दिसतं. कोलॅजेन, ‘वय कमी करणाऱ्या’ गोळ्या घेऊ का?

आयुष्य वाढवतं असं माणसांमध्ये सिद्ध झालेलं एकही पूरक औषध आज बाजारात नाही. उंदरांवरचे निकाल दाखवून महागड्या बाटल्या विकल्या जातात. तेच पैसे पनीर, फळं आणि एका चांगल्या बुटाच्या जोडीवर खर्च करा.

त्वचेसाठी सिद्ध झालेली गोष्ट आहे सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षं चाललेल्या प्रयोगात रोज लावणाऱ्यांची त्वचा २४ टक्के कमी वृद्ध झालेली दिसली. दुचाकीवर तोंडाला स्कार्फ बांधायची पुणेरी सवयही चांगलीच आहे.

नावं आठवत नाहीत. विसरायला होतं. काही करता येईल?

‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली म्हटलं की बदलता येण्याजोगे १४ धोके दूर केले तर स्मृतिभ्रंशाची जवळपास ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येऊ शकतील. त्यात रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा, डोक्याला मार हे आहेतच. मध्यमवयातलं कमी ऐकू येणंही आहे, आणि त्याच्याकडे आपण साफ दुर्लक्ष करतो. ढोलताशा पथकात वाजवत असाल तर कानात बोळे नक्की घाला, स्पीकरच्या भिंतीजवळ उभे राहू नका. ऐकायचं यंत्र लागेल असं सांगितलं तर चष्म्यासारखं सहज लावा. हेल्मेटचा प्रश्नही खरं तर याच उत्तरात येतो.

एकटेपणाचं औषध पुण्यात आहे. भजनी मंडळ, गिरिप्रेमींचे गट, वाचनकट्टे, टेकडीवरची टोळी. पन्नाशीच्या पुरुषांचे मित्र नोकरीबरोबर सुटत जातात, त्यांनी यात मुद्दाम शिरावं.

कोणत्या तपासण्या, किती वेळा?

वर्षातून एकदा रक्तदाब, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, एचबीए१सी (गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्लोबिन, कंबरेचं माप. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे पूर्वावस्था, ६.५ पासून मधुमेह. अॅनिमिया असेल तर हा आकडा फसवू शकतो. डोळे आणि दात विसरू नका. बायकांनी गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी सांगितली आहे. सत्तर-ऐंशी चाचण्यांची सवलतीची पॅकेजं घेऊन, निरुपयोगी आकड्यांनी घाबरून जाण्यात अर्थ नाही.

मुलांची बारावी, सासूबाईंचं आजारपण, ऑफिस. वेळ कुठून आणू?

ज्यांना खरोखर वेळ नाही त्यांना मी अर्धा तास मागत नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यावर जोर काढा. दात घासताना एका पायावर उभे राहा. लिफ्ट सोडा. फोनवर बोलताना चाला. आठवड्यातून दोन वेळा पंधरा मिनिटंही काही नसण्यापेक्षा खूप जास्त आहेत. आणि सासूबाईंनाही खुर्चीतून उठबस करायला बरोबर घ्या.

माझी अठ्ठावन्न झाली. आता उशीर झाला ना?

अमेरिकेत १९९४ साली वृद्धाश्रमातल्या, सरासरी ८७ वर्षांच्या लोकांना दहा आठवडे वजनांचा व्यायाम दिला. त्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. तुम्ही त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहात.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं का? आणि कधी थांबायचं?

हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब, घरात लवकर हृदयविकार झाल्याचा इतिहास, किंवा थोड्या चढणीवर छातीत दडपण येत असेल तर आधी विचारा. बाकीच्यांनी हलक्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवलं तर हरकत नाही. भारतीयांमध्ये हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी येतो, हे लक्षात असू द्या. ताप असताना, रात्रभर जागल्यावर, पोटभर जेवल्यावर जोराचा व्यायाम करू नका.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, एकाएकी दम लागणं असं झालं की जागच्या जागी थांबा. बायकांमध्ये नुसती मळमळ आणि प्रचंड थकवाही असू शकतो. ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊन वाट बघू नका, स्वतः स्कूटर चालवत दवाखान्यात जाऊ नका. १०८ ला फोन करा आणि कोणालातरी जवळ बोलवा. टेकडीवर जाताना फोन घरी चार्जिंगला लावून जाणारे बरेच आहेत. तो खिशात ठेवा, आणि त्यात घरच्या माणसाचा नंबर लॉक न उघडता दिसेल असा करून ठेवा.